सिग्नलला बंद

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून हिची नोकरी. पॅथॉलॉजी लॅबचं कलेक्शन सेंटर, घरापासून पार दुसऱ्या टोकाला. शटरची किल्ली हिच्याकडे. सातला उघडायचंच, कारण रक्त द्यायला येणारे लोक उपाशीपोटी येतात. पहिली बस साडेसातची. मी जाहीर केलं, मी असताना बसची काळजी कशाला? रोज गाडीवर सोडीन. माझं ऑफिस दहाला. ही खूश झाली. निदान काही बोलली नाही.
गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, पण दणकट. फक्त स्लोला जरा कुरकुरते. दोनदा बंद पडली. थंडीमुळे.

३ फेब्रुवारी
सिग्नलला बंद. वळणावर बंद. स्पीडब्रेकरवर बंद. जोरात पळताना मात्र एक शब्द तक्रार नाही, म्हणजे इंजिन उत्तम आहे. या शहरात सिग्नलच फार.
शटर उशिरा उघडलं. पायरीवर एक आजोबा उपाशी बसले होते. माझ्याकडे असं बघत होते, जसा काही त्यांचा नाश्ता मीच खाल्ला.
संकल्प: रविवारी कार्ब्युरेटर स्वतः खोलणार. मेकॅनिककडे जायचं नाही. मी मुळात टेक्निकल डोक्याचा. विम्याच्या ऑफिसात चुकून आलो.

५ फेब्रुवारी
प्लग बदलला. जैसे थे. पेट्रोलपंप बदलला. जैसे थे.
संध्याकाळी हिचा भाऊ आला. कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, पायलट जेटमध्ये कचरा असेल, स्लोला पेट्रोल तिथूनच येतं, गॅरेजला द्या, हवा मारून देतील. मी प्लग बदलल्याचं सांगितलं तर म्हणाला, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ही खूप हसली. मेहुण्याच्या म्हणी मला कधीच आवडल्या नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. मोबाइलवर व्हिडिओ लावून कार्ब्युरेटर काढला. ओट्यावर खोलला, दुधाच्या पातेल्यात पेट्रोल घेऊन भिजत घातला. ही बाजारात गेली होती, म्हणून शांतपणे काम झालं.
पायलट जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू. मधोमध भोक, तेही दिसेल न दिसेल असं. आत कचरा. मेहुण्याने अंदाज बांधला होता, शोध मात्र माझा. हवा मारून घ्यायला गॅरेजपर्यंत कोण जाणार? हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई घातली. अडकली. जरा जोर लावला. आरपार! आता भोक लांबूनही दिसतं.
व्हिडिओतला माणूस चहा निवायच्या आत मोकळा झाला. मला दिवस लागला. मी नीट करतो.

९ फेब्रुवारी
काळा धूर. पेट्रोलचा वास. दर सिग्नलला बंद. एका ठिकाणी ही खाली उतरून धक्का देत होती, हातात पर्स.
घरी दुधालाही तोच वास. माझ्यावर संशय. मी म्हणालो, हल्लीचं दूधच तसलं.
संध्याकाळी आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली. आता गाडी उभ्या जागी बोंबलते, पण बंद पडत नाही. प्रश्न सुटला. किरकोळ बाब: ब्रेक दाबला तरी पुढे ओढते.

११ फेब्रुवारी
एका फळवाल्याच्या गाडीला धडकता धडकता वाचलो. त्याने माझ्या आईवडिलांची आठवण काढली. स्क्रू पुन्हा सैल केला.
मग सिग्नल टाळणारा रस्ता शोधून काढला. सगळा गल्लीबोळांतून. अंतर दुप्पट, पण विचार मूलगामी. शटर साडेसातला उघडलं.
लॅबच्या मॅडमचा हिला फोन. महिनाभर ट्रायल आहे. अजून एकदा उशीर झाला तर दुसरी बाई बघणार. मी म्हणालो, ट्रॅफिक होतं म्हणून सांग. ही म्हणाली, भल्या पहाटे? मी हेल्मेट घातलं.

१२ फेब्रुवारी
जाग आली तेव्हा ही निघून गेली होती. पायी, काळोखात. मला उठवलंसुद्धा नाही.
दुपारी बसने आली, तरी टाचेला फोड. गरम पाणी मीच करून दिलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.
ही म्हणाली, गाडी गॅरेजला देऊ या. मी म्हणालो, हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायची आमच्या घरात पद्धत नाही. ही म्हणाली, लग्नाआधी मी दादाची गाडी चालवायचे, लायसन्सही आहे. विषय काय, ही बोलते काय! म्हणालो, रविवारपर्यंत थांब.

१४ फेब्रुवारी
आजही पायी गेली. सलग तिसऱ्या दिवशी. सातच्या आत पोचते म्हणे. चालणं तब्येतीला चांगलंच.
परत आल्यावर गाडीचे कागद कुठे आहेत विचारलं. विकायचा डाव दिसतो. मी ताकास तूर लागू दिली नाही. तिने कपाट उघडून काढून घेतले.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज सोक्षमोक्ष लावणार होतो. दुपारी जरा पाठ टेकली. उठलो तर गाडी नाही, ही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, दोघं बहीणभाऊ गाडी ढकलत गेले.
संध्याकाळी परतले. मेहुणा सांगत होता, जेटचं भोक कोणीतरी काहीतरी खुपसून मोठं केलं होतं. मेकॅनिकने नवा जेट टाकला. हा प्रताप कोणाचा, असंही त्याने विचारलं. मेहुणा तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली म्हणे, जुनी गाडी आहे, कोणी कधी हात लावला काय माहीत.
मेहुणा हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. परक्या माणसासमोर हिने मला सांभाळून घेतलं, आणि घरी येऊनही एक शब्द बोलली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. नवा जेट ओरिजिनल आहे ना, एवढंच विचारलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
लवकर उठलो. दाढी केली. ठरवलं होतं, आज हिला वेळेच्या आधी पोचवायचं आणि वाटेत चुकलं म्हणायचं. हेल्मेट घालून खाली आलो, तर ही गाडीवर. पुढच्या सीटवर. एका किकमध्ये गाडी सुरू.
मी मागे बसायला लागलो. ही म्हणाली, तुम्ही कशाला उगाच, झोपा अजून, दहाला ऑफिस आहे. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.
फाटकात उभा राहिलो. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. स्लोला इतकी एकसारखी ही गाडी माझ्या हातात कधीच चालली नव्हती. एकदाच, फक्त आजच्या दिवस बंद पड, असं मनापासून वाटलं. धक्का द्यायला मी धावत गेलो असतो.
बंद पडली नाही. हिरवा झाला आणि ही गेली. मागे वळून बघितलं नाही. शटर उघडायचं होतं.
दहापर्यंत बराच वेळ आहे.