बाबांची गाडी चौकात का बंद पडते

४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गाडीचं दुखणं विचारलं तर तू चार पानी व्याख्यान पाठवलंस. पूल बांधणाऱ्याला गाडीतलं काय कळतं, असं तुझे भावोजी म्हणाले. मी आपली तुझी बाजू घेतली.

तुझ्या सांगण्यावरून बाबांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुऊन घेतला. फरक शून्य. धावताना गाडी शहाण्यासारखी धावते. उभी केली की इंजिन कधी उगाच किंचाळतं, कधी गचके खाऊन गप्प होतं. काल भर चौकात बंद पडली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तर बाबा, आपले निवृत्त हेडमास्तर, त्यांना शिस्त शिकवायला खाली उतरले.

खरी भीती वेगळीच आहे. बाबांना डावीकडचं नीट दिसत नाही. परवा दूधवाल्याची सायकल थोडक्यात वाचली. आता गाडी सोडा, असं त्यांना सांगायची घरात कुणाची छाती नाही. तुझं ऐकतील. तू लिही.

लोभ आहेच, पानं कमी केलीस तर वाढेल.

तुझी ताई

१२ जून

ति. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

भावोजींना सांग, माझे पूल अजून एकदाही चौकात बंद पडलेले नाहीत.

इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असणार. कार्बोरेटरजवळून एक रबरी पाईप जातो. तो चिरला किंवा निसटला की नेमकं असंच होतं. इंजिन सुरू ठेवून तो चिमटीत दाबायला सांग. आवाज सुधारला तर चोर सापडला म्हणायचं.

डोळ्यांचं मी लिहिणारच होतो, पण असलं पत्रात बरं दिसत नाही. तू जवळ आहेस, वेळ बघून तूच सांग. तुझ्या बोलण्याचं त्यांना वाईट वाटत नाही.

आईला नमस्कार. राग आल्यास धरू नये, पत्राने कळवावा.

तुझा धाकटा

२३ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझा अंदाज खरा निघाला; लगेच डोक्यावर बसू नकोस. पाईप चिरलेला होता. मेकॅनिकने नवा बसवला, तेव्हा आई शेजारी उभी राहून सगळं निरखत होती. मला वाटलं, कौतुकाने बघते आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. पाईप निसटलेला. मी मेकॅनिकला पुन्हा आणलं, त्याने बसवला, तो पुन्हा निसटला. शेवटी त्याने हात टेकले.

आज सकाळी मी न कळवता माहेरी गेले. बाबा अंघोळीला गेलेले, आणि जिला टॉर्चचे सेल घालता येत नाहीत ती आपली आई बॉनेट वर करून पाईप ओढत होती! मला म्हणाली, ओरडू नकोस, गाडी दारात राहिली की माणूस घरात राहतो. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

बाबांना मी काही बोलले नाही. तू तर बोलणारच नाहीस. डोळ्यांचं बोलायला वेळ बघ म्हणालास. ती वेळ तुझ्याकडे कधी असते तेवढं कळव.

माया आहे, तुझ्या शौर्याहून बरीच जास्त.

तुझी ताई

३० जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गाडी विकली. उद्या नेतील. पाईप मी स्वतः घट्ट बसवून दिला आहे, घेणाऱ्याची तक्रार नको.

तो कोण काढतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या आईची बोटं काळी होती आणि ती भलतंच गोड बोलत होती. मी तिला विचारलं नाही. पाईप दिसत असूनही बसवला नाही, नुसती खुडबुड करत बसलो. पण या वयात तिने रोज ते जड बॉनेट उचलावं हे मला बघवेना. एखाद दिवशी हात सापडायचा. म्हणून विकली.

डावीकडचं दिसत नाही हे तुम्हाला कळण्याआधीपासून मला माहीत आहे. कुणीतरी तोंडावर सांगेल म्हणून थांबलो होतो. पण ताई येते आणि हवापाण्यावर बोलते, तू लिहितोस ते कार्बोरेटरवर. मी इतका कडक होतो का रे? असेन. तरी तुम्ही आता मोठे झाला आहात.

तुझ्या आईने पाईप तरी काढला.

आशीर्वाद आहेत, ते न मागता मिळतात.

बाबा