जावयांचं बारा महिन्यांचं पंचांग

जुईनगर,
अधिक ज्येष्ठ शुद्ध पंचमी
(तिथीतला पहिला शब्द पुन्हा एकदा वाचावा.)

आमचे एकुलते एक जावई श्री. स्वानंदराव यांस मेहुणा सुभाषचा सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आणि क्षिप्राला उलव्याची हवा मानवली असेलच. तुमच्या पॅकेजची प्रकृती मात्र बरी नाही, आणि ते मला रोज सकाळी चहाच्या आधी कळतं.

हे पत्र क्षिप्रा वाचणारच (तुमच्या आधी), म्हणून जरा सोपं करून लिहितो. आमची फुकट वाटली जाणारी संगणकप्रणाली म्हणजे हजारो प्रोग्रामांची पॅकेजं, आणि प्रत्येक पॅकेज कुणीतरी हौसेनं सांभाळतो. एक यंत्र ती सगळी मूळ कोडपासून पुन्हा बांधून बघतं. जे बांधलं जात नाही त्याच्यापुढे लाल खूण येते, आणि ते ज्याचं असेल त्याला कळवणं ही माझी बिनपगारी सेवा. (सोसायटीत आडव्या गाड्या लावणाऱ्यांची दारं वाजवायचा माझा अनुभव इथे कामी येतो.) एका गृहस्थांनी यंत्रच बिघडल्याचं कळवलं. दुसरे 'लवकरच बघतो' म्हणाले आणि त्यांनी बहुधा संन्यास घेतला. पण शेवटी सगळे एकाच वाक्यावर येतात: माझ्याकडे तर चालतं. म्हणजे पाहुणा म्हणतोय भात कच्चा आहे, आणि यजमान सांगतोय, मी तर जेवलो. तुम्हीही तेच लिहिलंत, वर अंगठा पाठवलात.

तेव्हा रविवारी मी स्वतःच तुमचं पंचांगाचं पॅकेज उघडलं. तुमचं पंचांग बांधून होताना चालू वर्षाच्या अमावास्या मोजतं आणि तुमच्या यादीतल्या महिन्यांशी ताडून बघतं. यंदा अमावास्या तेरा, यादीत महिने बारा. मग नापास. ती यादी एखाद्या जर्मनानं केली असती तर मी सोडून दिलं असतं. पण मागच्या अधिकात आमच्याच पाटावर बसून, चांदीचं निरांजन शेजारी ठेवून, अनारशांवर ताव मारणारा माणूस घरी जाऊन वर्षाचे बारा महिने लिहितो? तो महिना आईनं कुठून आणला असं वाटलं होतं तुम्हाला?

प्रणालीची नवी आवृत्ती येत्या अमावास्येनंतर निघतेय. तोवर दुरुस्ती झाली नाही तर तुमचं पॅकेज वगळलं जाईल. नियम माझा नाही (पण मला आवडतो). अडचण एवढीच, की आईला छापील पंचांगाची बारीक अक्षरं दिसत नाहीत. ती तुमचंच उघडते, मोठ्या अक्षरांत. ते गेलं तर रोज तिथी वाचून दाखवायला मी आहेच, आणि तिच्या प्रत्येक तिथीला माझ्यासाठी एक काम चिकटलेलं असतं.

आपला,
सुभाष

ता. क. क्षिप्रा, तू दुरुस्त करून देऊ नकोस. त्यांना करू दे.

आणखी ता. क. दुरुस्ती मीच करून पाठवली आहे. स्वानंदराव, तुम्ही फक्त मंजूर करा. आजच करा, कारण अनारशाचं पीठ तयार आहे. वाण कधी द्यायचं म्हणून काल आईला विचारलं. तिनं तुमचं जुनं पंचांग उघडलं, चष्मा नीट केला आणि म्हणाली, "जावयांकडे साधाच ज्येष्ठ चाललाय. साध्या महिन्यात कसलं रे वाण?" आणि पिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. तो खाली यायला हवा. तुमच्या ताटातले उरलेले अनारसे दर वेळी मलाच मिळतात.