कुत्रा : लिंग, वचन आणि शेपूट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
काल रात्री ऋतुजाने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिले, "बाबांनी स्वतःहून हात वर केला! आता ते शाळेत डॉग ड्रॉ करणार!" सून गुणी आहे, परंतु या वृत्तांतात तीन चुका आहेत. एक, मी हात वर केला नाही, चष्मा वर केला. दोन, 'ड्रॉ करणार' नव्हे, 'काढणार'. तीन, पुढाकार माझा नव्हता. अवनी, म्हणजे माझी नात, इयत्ता पहिली, जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, माझी मदत करा ना." मी म्हणालो, मदत 'माझी' नसते, 'मला' असते. त्यावर ती म्हणाली, मग मी कोथरूडच्या आजोबांनाच विचारते.

येथे प्रश्न तत्त्वाचा झाला. अवनीच्या शाळेत अठरा तारखेला आजी-आजोबा दिवस आहे. प्रत्येक मुलाने एकच आजोबा आणायचा (आणायचे, आदरार्थी बहुवचन) आणि त्यांनी वर्गाला काहीतरी करून दाखवायचे. कोथरूडचे आजोबा म्हणजे आमचे व्याही सीतारामपंत. ते मुलांच्या कानामागून लिमलेटची गोळी काढतात. ही कला नव्हे, हातचलाखी. परंतु गेल्या दिवाळीपासून अवनी आमच्याकडे आली की तिचा पहिला प्रश्न 'ते कधी येणार?' असा असतो.

तिला फळ्यावर कार्टूनमधला कुत्रा हवा आहे. मी म्हणालो, त्यात काय आहे?

५ फेब्रुवारी
संकल्प : रोज सकाळी एक कुत्रा. खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षे इतरांचे मसुदे सुधारले. एक प्राणी जमणार नाही?

अप्पा बळवंत चौकात चित्रवही घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारले, "मुलाचं वय?" अठ्ठ्याहत्तर, असे सांगितले. "मग खोडरबर दोन न्या," म्हणाला. एकच घेतले.

६ फेब्रुवारी
राजनंदिनी नावाच्या तरुणीचा 'झटपट डॉगी' हा व्हिडिओ लावला. पहिल्याच मिनिटाला ती म्हणते, "आता एक छोटासा शेपूट काढूया." शेपूट नपुंसकलिंगी आहे. छोटेसे शेपूट. छोटीशी शेपटी म्हटले तरी चालेल, पण माणसाने काहीतरी एक ठरवावे. व्हिडिओ थांबवून खाली अकरा दुरुस्त्या लिहून पाठवल्या. दुपार त्यात गेली. चित्र उद्या.

७ फेब्रुवारी
राजनंदिनीकडून उत्तरादाखल लाल बदाम आला. बदाम हे वाक्य नव्हे.

चित्राला आरंभ करण्यापूर्वी एक मूलभूत प्रश्न : तो कुत्रा, ती कुत्री, की ते कुत्रे? लिंग निश्चित झाल्याशिवाय रेघ ओढणे मला मान्य नाही. सौ. मंदाकिनीला विचारले. ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आधी प्राणी तरी निश्चित होऊ द्या."

सायंकाळी निर्णय : पुल्लिंगी, एकवचनी. समाधानकारक दिवस. चित्र उद्या.

९ फेब्रुवारी, रविवार
कुत्रा नाही. मान दुखते.

११ फेब्रुवारी
पहिला कुत्रा सिद्ध झाला. रेघेत जोर आहे. खालच्या मजल्यावरचे सर्जेराव, ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे, ते पेपर मागायला आले होते. चित्राकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "अण्णा, म्हस झ्याक काढलीया. दुधाला कशी हाय?"

'म्हस' नव्हे, 'म्हैस', असे मी तत्काळ सांगितले.

"तेच म्हन्तो मी. म्हसच हाय न्हवं?" असे म्हणून ते पेपर घेऊन गेले. उच्चार सुधारताना माणूस असा अडकतो.

मंदाकिनीच्या मते दोष कानांत आहे. "शिंगं थोडी खाली वाकवा," म्हणाली.

१४ फेब्रुवारी
शोध लागला. दोष माझा नसून वर्तुळाचा आहे. हाताने गोल वर्तुळ काढता येते, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. स्वयंपाकघरातील ताटली कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली : निर्दोष डोके. वाटीने नाक. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने डोळे. शेपटासाठी चमचा. इतका नियमबद्ध कुत्रा पुण्यात दुसरा नसेल.

ऋतुजाचा फोन आला. "बाबा, टेन्शन घेऊ नका हं. माझे बाबा त्या दिवशी फ्री आहेत." मी सांगितले की मी टेन्शन घेतलेले नाही, ताटली घेतली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
अवनी आली. सरावाची चित्रे दाखवली नाहीत. कलावंताने थोडे रहस्य राखावे. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "आजोबा, नक्की कुत्राच ना? मी सगळ्या फ्रेंड्सना प्रॉमिस केलंय." वचन दिले आहे, असे म्हणावे, मी म्हणालो. "तेच ते," म्हणाली, आणि माझा हात जरा जोरात धरला. मुलांच्या हाताला फार घाम येतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कार्यक्रम उत्तम झाला. क्रमाने नोंदवतो.

पिशवीतून ताटली काढताच वर्ग शांत झाला. फळ्यावर ती दाबून धरून डोके काढले. मुले एकमुखाने ओरडली, "पोळी!" प्रतिसाद जिवंत होता. वाटीने नाक काढले. "आमटी!" झाकणाचे दोन डोळे. "गुलाबजाम! गुलाबजाम!" कानांबाबत मतभेद झाले, खिडकीकडची मुले पापड म्हणाली, भिंतीकडची भजी. चमचा फळ्याला लावला तेव्हा मात्र कोणालाच शंका उरली नाही.

गैरसमज दूर व्हावा म्हणून मी खाली सुवाच्य अक्षरांत 'कुत्रा' असे लिहिले. त्यावर पहिल्या बाकावरच्या अर्णव नावाच्या मुलाने विचारले, "म्हणजे हे कुत्र्याचं जेवण आहे?"

वर्गाच्या बाई सुज्ञ होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "अवनीच्या आजोबांनी आपल्याला काय दाखवलं, मुलांनो? सकस आहार!" टाळ्या झाल्या. कारण कोणतेही असो, टाळ्या त्या टाळ्याच.

अवनी टाळ्या वाजवत नव्हती. ती दप्तराचा पट्टा ओढून बघत होती. पट्टा सैल असावा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आज मंदाकिनी जिन्यात सर्जेरावांना सगळी हकिकत सांगत होती. दार उघडे होते, त्यामुळे ऐकू आली. मजकुराबद्दल मला तूर्त काही म्हणायचे नाही. तारखा मात्र चुकीच्या होत्या. त्या येथे दुरुस्त करून ठेवतो.

शाळेतून परतताना अवनीने रिक्षात माझा हात धरला नाही, ती तारीख अठरा, सतरा नव्हे.

'मला मुळात आहारच काढायचा होता' असे मी म्हणालो ते एकोणीस तारखेला, अठराला नव्हे. अठराला मी ताटलीवरचा खडू धुतला.

अवनीचा फोन आला तो वीस तारखेला, एकोणीसला नव्हे. एकोणीसला मी फोनजवळ बसलो होतो. आला नाही.

फोनवर ती म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी मी कोथरूडच्या आजोबांना नेणार आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." दोन्ही वाक्ये दोनदा तपासली. चूक नाही.