पायलीच्या बुडाची लाख

मी श्रीमती सत्यशीला श्रावण बारसागडे, वय बहात्तर, शिक्षण चौथी, धंदा एकेचाळीस वर्षे धान्यविक्री आणि त्यानंतर गोष्टी लिहिणे, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहिते. कोणी धाक दाखवलेला नाही. मोतीबिंदू डोळ्यात आहे, डोक्यात नाही. सकाळी पोटभर भात आणि लाखोळीचं वरण जेवले आहे, यावरून प्रकृती समजावी. वकील जिशानभाऊ म्हणाले होते की एका पानात आटपेल. पण त्यांनी मला दुकानात बोलताना कधी ऐकलेलं नाही.

कलम १. राहते घर माझा मुलगा अश्वजित याला मिळावे. तो घुग्घुसला खाणीत पाळीवर असतो, महिन्यातून एकदा येतो, आणि आला की छपरीतली खुर्ची उचलून आत ठेवतो. ती खुर्ची बाहेरच राहील. तिथे बसून माझी नात संघप्रिया हिला लिहिता-वाचता यावे, ही घर देण्यामागची अट आहे.

कलम २. श्रावण धान्य भांडार हे दुकान सून रीना हिला. सात वर्षांपासून तीच चालवते, चांगलं चालवते. माझ्या लिहिण्याला ती ‘आईची बिमारी’ म्हणते, ते मी माफ केलं आहे. पण माझ्या कोऱ्या वहीचं पान फाडून त्यात तिने हळद बांधून दिली, ते माफ केलेलं नाही. तिला तसं कळवावे.

कलम ३. बँकेत जे असेल ते संघप्रियाच्या शिक्षणाला. चष्मा कोणाला लागत असेल तर द्यावा. छत्री वाचनालयाच्या इसरूगुरुजींकडे आहे, ती परत मागावी.

कलम ४. माझ्या गोष्टींच्या अकरा वह्या संघप्रियाला. याबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल.

दुकान रीनाकडे दिल्यावर मला दुपार खायला उठायची. संघप्रियाने एक वही आणून दिली आणि म्हणाली, “आजी, तू सांगतेस ना बाजाराच्या गोष्टी, त्याच लिही.” बसले. चौथीनंतर आकडे आणि गिऱ्हाइकांची नावं सोडून मी काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या आणि मला इतका आनंद झाला की त्या मी दूधवाल्यालाही वाचून दाखवल्या. पुढे तर वेडच लागलं. भात करपायचा. मेलेली माणसं माझ्या वहीत येऊन बसायची, जेवायची, भांडायची. आयुष्यात एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे श्रावणची क्षमा मागून लिहिते.

त्यातली एक गोष्ट तालुक्याच्या दिवाळी अंकात छापून आली. तिच्यात बाजारात बसणारी एक बाई आहे. तिने पायलीच्या बुडाला आतून लाख वितळवून बसवलेली असते. वरून पायली शिगोशीग दिसते, पण माल कमी जातो. रानातल्या गावांतून डोक्यावर मोहफुलं घेऊन, ती देऊन धान्य न्यायला चालत आलेल्या बायांना ती असं फसवते. इसरूगुरुजींनी ती वाचनालयात मोठ्याने वाचली. टाळ्या पडल्या. मी शाल घेतली.

गोष्टीत मी बाईचं नाव बदललं होतं, गावही बदललं होतं. जागा बदलायची राहिली. चिंचेखाली, लोहाराच्या डाव्या बाजूला, निळ्या पालाखाली. आमच्या बाजारात माणूस नावाने नाही, जागेने ओळखतात. त्या जागेवर तीस वर्षांपासून ठमाबाई मुरमुरे विकायची. पुढच्या बाजारापासून लोक तिची पायली हातात घेऊन, उलटी करून, आत बोट फिरवून पाहू लागले. काही हसून, काही न हसता. तिने तीन बाजार सहन केलं. चौथ्या बाजारी पाल सोडलं आणि घरी गेली. त्याला दोन वर्षं झाली.

जायच्या आधी ती माझ्याकडे आली होती. तिला वाचता येत नाही. छपरीत उभी राहूनच तिने विचारलं, “बाई, तुया गोष्टीतली ते बाई कोन आहे?”

मी म्हटलं, “कोनी नाई वं. मनातली आहे.”

ती बरं म्हणाली आणि गेली. चहा घेतला नाही.

कलम ५. माझी पितळी पायली. ही कोणाला देण्याआधी आतून पाहावी. बुडाला काळा गोल डाग आहे. तो लाखेचा आहे. लाख मी बसवली होती.

धंद्याची पहिली सहा वर्षं मी त्या पायलीने लाखोळी विकली. श्रावणला माहीत नव्हतं. गरज होती असं लिहिणार होते, पण ठमाबाईलाही गरज होती आणि तिने तसं केलं नाही. अश्वजित लहान असताना पायलीत हात घालून खेळत होता. म्हणाला, “आई, इच्या पोटात काय आहे?” त्याच दुपारी चुलीवर धरून लाख काढली. डाग निघाला नाही.

मग गोष्टीत ठमाबाईची जागा कशी आली? मी खूप विचार केला. दुकान व्हायच्या आधी आणि नंतरही बाजारच्या दिवशी मी तिच्या समोर बसायची. स्वतःला बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. डोळे मिटले की पायली भरणारी बाई म्हणून तीच दिसायची. पाप माझं लिहिलं आणि बसवलं तिच्या जागेवर. इथवर चूक म्हणता येईल. पण ती विचारायला आली तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. तेव्हाही शाल पेटीत घडी करून ठेवलेली होती. लोक मला लेखिका म्हणत होते आणि मला ते सोडवत नव्हतं. ती चूक नव्हती.

कलम ६. माझ्या मरणानंतर कलम ५ चिंचेखाली, भर बाजारात मोठ्याने वाचावे. बाजारातली माझी बसायची जागा ठमाबाईला द्यावी.

हे कलम खोडले आहे. कारण पुढे दिले आहे.

संघप्रियाने वाचलं आणि एवढंच म्हणाली, “आजी, मेल्यावर काऊन?” जिवंतपणी का नाही, असंच ती विचारत होती.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. वकीलभाऊंनी सांगितलं होतं की साक्षीदाराला वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवून मगच अंगठा घ्यावा. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतात, असंही ते म्हणाले. म्हणून मी कलम ६ खोडलं, हा कागद आणि पायली पिशवीत घातली आणि ठमाबाईकडे गेले. शेजारचे बिरजू टेलर सोबत होते.

पहिल्या कलमापासून वाचलं. हळदीच्या पुडीला ती हसली. पाचव्या कलमाशी मी थांबले. बिरजूभाऊ म्हणाले, मी वाचू का? ठमाबाई म्हणाली, “नाई. तिलेच वाचू द्या.”

वाचून झाल्यावर तिने पायली मागितली. उलटी केली. आत बोट फिरवलं, जसं लोक तिच्या पायलीत फिरवत होते. मग खाली ठेवली.

“अंगठा देते मी,” ती म्हणाली. “पन मी तुया मरनाची वाट पाहू का? परवा बाजार आहे. तू येजो. इथी वाचलं तसंच तिथी वाचजो.”

मी हो म्हटलं. चहाचं तिने विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

तरी कलम ५ या कागदात कायम ठेवते. परवा माझा पाय मागे पडला, तर हे संघप्रियाने बाजारात वाचावे. शाल कोणालाच देऊ नये.

ठिकाण: आरमोरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: सत्यशीला श्रावण बारसागडे

साक्षीदार
१. बिरजू टेलर, राहणार आरमोरी. सही.
२. ठमाबाई. मजकूर पूर्ण वाचून दाखवला, तिने ऐकला. अंगठा. पत्त्यात काय लिहू असं विचारल्यावर तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे: धंदा मुरमुरे, बसायची जागा चिंचेखाली, लोहाराच्या डाव्या बाजूला.