सांभाराची गोणी

दवनीवाडा, २४ जानेवारी २०२५

चि. सौ. दुर्गेश्वरीस आईचे अ. उ. आ.

झेंडावंदनाले तुझ्या आश्रमशाळेतल्या साठ लेकरांसाठी सांभारवड्या करायच्या आहेत, हा तुझा निरोप बकारामभाऊनं सांगितला. दरेकशात तुझा फोन काही लागत नाही. भाऊ रेल्वेच्या कामावर रोज तिकडं येतात, म्हणून त्यांच्याच हाती गोणी देऊन राहिली. विहिरीजवळचा सांभाराचा अख्खा वाफा कापला. तुझे बाबा गोंदियाले गेले होते. असते तर म्हणाले असते, अजून वाढू दे. तुमच्या शाळेतल्या पुण्याच्या मोठ्या बाई सांभाराले कोथिंबीर म्हणतात म्हणे. म्हणू दे, चव तेच आहे.

काड्या फेकू नको, वरणात टाक. माझ्या नातीले, प्रेरणाले चटणी करून दे, ते पोरगी नुसती चाटते. धणे वेगळे बांधले आहेत. तुझ्या अंगाची आग होते ना, भिजवून पाणी पी. उरलेल्या जुड्या मी आजच बाजारात विकल्या. कामाच्या धांदलीत वेळेवर जेवत जा.

तुझी आई, शकुंतला


दवनीवाडा, २५ जानेवारी

चि. दुर्गेश्वरीस आशीर्वाद.

हे वाचल्याबरोबर हातातलं काम थांबव. तो सांभार कोणाच्या पोटात जाऊ देऊ नको. पानांवर माव्याची कीड पडली होती, म्हणून बुधवारी मी त्याच्यावर औषध मारलं. दुकानदारानं सांगितलं होतं, दहा दिवस कापू नका. घरच्या वाफ्यावर फवारायचं नाही असं तुझी आई नेहमी बजावते, म्हणून तिले बोललो नाही. धुतल्यानं ते जात नाही. ढोरांलेही टाकू नको, खड्ड्यात गाड.

आईले अजून माहीत नाही. तूही सांगू नको. बकाराम निघून राहिला, एवढंच लिहितो.

शालीकराम


सालेकसा, २६ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी काल अकराला मिळाली. सारण परातीत तयार होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, तीनदा धुतलं आहे, उद्या पाहुणे येणार, काही होत नाही. मी सरळ परात उचलली आणि खड्ड्यात उपडी केली. मुलांना आज पोहे दिले म्हणे.

पण घरी प्रेरणानं सकाळीच चटणी खाल्ली होती. दुपारी उलट्या लागल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. तिला इथं सालेकशाच्या दवाखान्यात आणलं. औषधाचं नाव विचारायला इथून फोन केला, तेव्हा तुम्ही नाव सांगितलं आणि फोन ठेवला. नंतर चारदा केला, उचलला नाही. सलाईन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

बाबा, तुम्ही स्वतः काऊन नाही आले? आणि आईनं बाजारात ज्यांना जुड्या विकल्या त्यांचं काय? मी तुमची पोरगी, म्हणून मले चिठ्ठी आली. त्यांना कोण सांगणार? रागात लिहिलं, पण खोटं लिहिलं नाही.

दुर्गेश्वरी


दवनीवाडा, ८ फेब्रुवारी

चि. सौ. दुर्गेश्वरीस अ. उ. आ.

प्रेरणा शाळेत जायला लागली हे समजलं, तेव्हा कुठं घास गिळला.

तुझं पत्र बाबांनी मले स्वतः वाचून दाखवलं. ते तसेच ग्रामपंचायतीत गेले आणि भोंग्यावर आपलं नाव घेऊन सांगितलं, की शालीकरामच्या वाफ्यातला सांभार खाऊ नका, चूक माझी आहे. मग घरोघर फिरले. अकरा जुड्या परत आल्या. टेकचंदच्या म्हातारीचं पोट दोन दिवस बिघडलं होतं. ते तिच्या खाटेजवळ बसून राहिले. तिच्या सुनेनं नको ते ऐकवलं, तेही ऐकून घेतलं. आता म्हातारी बरी आहे.

३१ तारखेच्या बाजारात आम्ही दोघांनी दुसऱ्या वाफ्यातला सांभार नेला, न फवारलेला. कोणी थांबलं नाही. काल पुन्हा बाजारात बसलो, तर गावातल्या भैयाजीची नीतू आली. म्हणाली, काका, आधी तुम्ही खा. यांनी जुडी उचलली आणि काड्यांसकट चावायला लागले. लोक पाहून राहिले होते. अर्धी जुडी संपली तेव्हा तिनं एक घेतली.

यांना ठसका लागला. मी बाजूलाच बसली होती. बाटली पुढं केली आणि म्हटलं, पाणी प्या. तेरा दिवसांत त्यांच्याशी तेवढंच बोलली.

माया आहे तशीच ठेव, त्यांच्यावरही.

तुझी आई