करिश्मा कावून बोलली?

आई,

टॅब मी बालवाडीत घेऊन चालली, शोधू नका. पोळ्या डब्यात हायेत.

सोमवारी तुमी नातवाले टॅब दिला म्हणून मी तुमच्यावर ओरडली. आमी बालवाडीच्या बाया पालकायले तेच सांगतो, स्क्रीनपायी पोरं बोलत नाईत. पण वर्गात जूनपासून एक शब्द न बोललेल्या करिश्मानं काल माह्या मोबाईलवरल्या झेंडूवर बोट ठेवलं अन् म्हणे, "आमच्या वावरातला!"

कावून बोलली असंल? मोबाईलमुळं, का मी बाजूले बसून "हे काय?" असं पुसत होती म्हणून? आज खरी फुलंबी नेते, पाहते.

तुमीबी नातवाले मांडीवर घेऊनच दाखवत होत्या. मी न विचारता हिसकला. चुकलं माह्यं.

अकरा वाजता येता का? करिश्माजवळ बसाले मले तुमीच पाहिजे.

दामिनी