तिसऱ्या रश्शाचं बटण

६ जाने., मंगळ.

बटण दबलं! म्हणजे दबल्यासारखं दिसलं. काच ती काचच, तिच्यात काही आत जात नाही. पण बोट टेकलं की खालची सावली काढायची, अक्षरं केसभर खाली सरकवायची, रंग जरासा गडद करायचा. बोट उचललं की सगळं जागच्या जागी. डोळ्याला वाटतं आत गेलं आणि वर आलं. सकाळपासून तेच दाबत बसलोय. ताई म्हणाली, "काम आणलंयस का खेळणं?"

काम आहे बाई. तुझ्या नवऱ्याच्या दोस्ताचंच आहे. बापूंचं मखमलाबाद रोडचं मिसळीचं हॉटेल, टेबलागणिक एक टॅब, त्यावर तीन बटणं: रस्सा, पाव, बिल. दाबलं की आत भटारखान्यातल्या पडद्यावर टेबलाचा नंबर. कुणी आरडाओरडा करायचा नाही. अर्धवट डिप्लोमावाल्याला असलं काम कोण देतं? दाजींच्या शब्दावर मिळालं, आणि दाजी ते दिवसातून एकदा तरी ऐकवतात. "काय मेव्हणे, या वेळी टिकणार ना? का परत इगतपुरी, सुरत, निफाड?"

निफाडहून मी पळालो नव्हतो. द्राक्षांचा हंगाम संपला होता. बाकी दोन्हीकडून पळालो, ते खरं.

९ जाने., शुक्र.

टॅब चिकटवले. बापूंनी नारळ फोडला, टे. १ च्या टॅबला हळद-कुंकू लावलं. कुंकवानं बिलाचं बटण आपोआप दाबलं जायला लागलं. पुसायला मीच.

रघुकाका लांबून बघत होते. रश्शाची बादली घेऊन टेबलाटेबलांतून फिरतात ते, हॉटेल उघडलं तेव्हापासूनचे. मला म्हणाले, "म्हंजे आता मला हाका नाय मारणार कुणी?" म्हटलं, नाही, पडद्यावर दिसेल. "मंग माझं नाव इसरतील की लोक." हसत म्हणाले, पण म्हणाले.

त्यांना दाखवलं की बोट टेकवल्यावर निरोप जात नाही, उचलल्यावर जातो. सगळीकडची बटणं अशीच असतात, माझं डोकं नाही ते. मन बदललं तर बोट न उचलता तसंच बाजूला ओढायचं, मग सोडायचं. काहीच झालं नाही असं होतं. शेवटच्या क्षणाला सटकायची सोय. माझ्यासारख्याच कुणी तरी शोधलं असणार.

टे. ८ खिडकीशी आहे. तिथून बाहेरचा बोर्ड दिसतो, पिवळ्यावर लाल: रस्सा अनलिमिटेड.

११ जाने., रवि.

पार वाट. पहिलाच रविवार, बाहेर रांग, कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यापर्यंत. आणि टेबलाटेबलावर लोक दाबतायत, आत पडद्यावर निम्मंच येतंय. शिव्या रघुकाकांना. "अहो काका, केव्हाची वाट बघतोय!" काका म्हणतात, "मला काय ठावं? पडद्यावर नाय आलं." 

दोन तास काही सुचेना. मग टे. ८ वर एका आजींच्या बोटाकडे बघत बसलो. आजींनी पाव रश्शात बुडवला, खाल्ला, त्याच हातानं बटण दाबलं. बोटाला तर्री. बोट घसरलं, बटणाच्या बाहेर गेलं, तिथं उचललं. म्हणजे माघार! आख्खं हॉटेल तर्रीनं माघार घेत होतं.

घरी मी कोरड्या बोटानं दाबून बघितलं होतं. मिसळीच्या हॉटेलचं बटण कोरड्या बोटानं! निल्या, गाढव आहेस.

१२ जाने., सोम.

दुरुस्त केलं. बटणाभोवती न दिसणारं अंगण ठेवलं, बोट घसरून तिथं गेलं तरी धरायचं. स्वतः मिसळ मागवली, दोन्ही हात तेलात बुडवले, सगळ्या टेबलांवर दाबत फिरलो. एक पण चुकलं नाही. रघुकाका फडकं घेऊन मागे. "पोरा, तू दाबतोय का लिंपतोय?"

खुशीत बापूंना सांगायला गेलो. बापूंचा चेहराच पडला.

"दुरुस्त केलंस? कशाला?"

काल पहिल्यांदा रविवारी पातेल्यात रस्सा उरला होता म्हणे. बापूंनी रात्रभर त्यावर विचार केला. पाहिजे ते असं: पहिला रस्सा जाऊ दे, दुसरा जाऊ दे. तिसऱ्यापासून बटण दबलेलं दिसलं पाहिजे, वर आलेलं दिसलं पाहिजे, आवाज पण करू दे. फक्त आत काही जायचं नाही.

मला वाटलं चेष्टा करतायत. हसलो. ते हसले नाहीत.

१३ जाने., मंगळ.

नाही म्हणालो. सरळ. माझं बटण खोटं बोलणार नाही.

बापू चिडले नाहीत, ते जास्त वाईट. खुर्ची दिली, चहा मागवला. "कॉलेजची पोरं एका मिसळीवर तीन तास बसतात. बाहेर म्हातारी माणसं उन्हात उभी. त्यांचं काय?" बरोबर आहे. मी पण त्या पोरांतलाच होतो. म्हटलं, मग बोर्डावर लिहा दोनदाच मिळेल. "बोर्ड बदलला की गिऱ्हाईक समोरच्याकडं जाईल."

म्हटलं, मग तिसऱ्याला बटण राखाडी करतो. मेलेलं दिसेल, कुणी दाबणार नाही.

"राखाडी दिसलं की माणूस भांडायला येतो. दबलं की गप बसतो, वाट बघतो, कंटाळून बिल मागतो. ही खरी गोष्ट हाय, निल्या. लिहून ठेव."

लिहून ठेवली.

आणि वर: "तुझं बटण तरी कुठं खरं दबतं रे? काचच हाय ना. तू पण दबल्याचं सोंगच केलंस."

चहा तसाच ठेवून उठून आलो.

१४ जाने., बुध.

संक्रांत. गच्चीवर दोन पतंग काटले, एक स्वतःचाच. बापू तिळगूळ घेऊन घरी आले. माझ्या हातावर ठेवताना, "गोड बोल रे, निदान तू तरी." दाजी मोठ्यानं हसले. म्हणजे यांचं बोलणं झालेलं आहे.

ते गेल्यावर दाजी: "दोन ओळींचं काम आहे म्हणे. कशाला ताणतोस? मिसळच आहे, ऑपरेशन नाही." ताई पोळ्या जरा जोरात लाटत होती.

पतंगाच्या मांज्यानं बोट कापलंय. टॅबवर दुखतं.

१६ जाने., शुक्र.

चार्जर आणायला मेन रोडला निघालो आणि देवळाली कॅम्पात पोचलो. का ते विचारू नये. बाजारात उभं राहून तोफांच्या सरावाचा आवाज ऐकला, दुकानांची शटरं थरथरतात, कुणी मान पण वर करत नाही. सामोसा खाल्ला. एक फौजी आपल्या बायकोला नवीन मोबाइल शिकवत होता. ती एकच बटण परत परत दाबत होती. "दबलं का? दबलं का?" तो म्हणाला, "रंग बदलला ना, मग दबलं. त्यानं ऐकलं तुझं."

त्यानं ऐकलं तुझं! बापू, हे घ्या उत्तर. काच दबत नाही, कबूल. पण ती सावली, ते खाली सरकणं, ती बोली आहे: ऐकलं, निरोप पोचवतो. निरोप पोचवला तर ते सोंग नाही. नाही पोचवला तर तीच सावली लबाड.

तिथंच सादिक भेटला, सुरतेतला जुना दोस्त, ट्रक घेऊन तिकडंच निघालेला. "चल. क्लीनर नाहीये, गप्पा मारत जाऊ." पाय निघालेच होते. खरंच, एक पाय पायरीवर होता. नेहमी असंच झालंय. कुठं पटलं नाही की मी भांडत नाही, निघून जातो. मग ज्यांचं पटलं नाही त्यांचंच राज्य, आणि मी सुरतेत.

पाय खाली घेतला. सादिक म्हणाला, "लग्न ठरलं का काय?"

चार्जर राहिला.

१९ जाने., सोम.

बापूंना फौजीचं उत्तर दिलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "झालं? आता कोड दे."

सातपूरचा एक पोरगा आणलाय, इन केलेला शर्ट, पूर्ण डिप्लोमा. कोड दिला. हॉटेल त्यांचं, टॅब त्यांचे, कोड पण त्यांचाच. पण म्हटलं, ते काम माझ्या हातून नाही, आणि मी सोडून पण जाणार नाही. काढायचं तर काढा. बापू बघतच राहिले. लोक राजीनामा देतात तेव्हा काय बोलायचं ते त्यांना माहीत आहे, हे नव्हतं माहीत.

"दाजीचं तोंड बघून ठेवतो. गल्ल्यावर बस."

सातपूरवाल्यानं चहा संपायच्या आत केलं. जाताना मला म्हणाला, "भाई, सावली भारी जमलीय तुझी." खरं सांगायचं तर बरं वाटलं. मग स्वतःचाच राग आला.

२५ जाने., रवि.

जे झालं ते पटापट लिहितो.

रांग होतीच. बटण इतकं गोड दबत होतं की लोकांना शंकाच नाही. दाबायचे, मान वळवून भटारखान्याकडे बघायचे, परत दाबायचे. बापूंचं खरं ठरलं, कुणी भांडेना. बटणाशी नाही भांडले. रघुकाकांशी भांडले. टे. ५ चा एक माणूस, सोबत बायको, सासरे असावेत, उठून काकांच्या अंगावर: "बहिरा आहेस का रे? पाच वेळा दाबलं! फुकट पगार घेतोस?"

अरे-तुरे. काकांना. काकांनी बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "माफ करा साहेब." त्यांनी काहीच केलं नव्हतं. पडद्यावर आलंच नव्हतं, येणारच नव्हतं, आणि बापू गल्ल्यामागं माझ्या शेजारी उभे राहून खाली सुट्टे लावत होते.

मी उठलो. स्टुलावरच चढलो, उंची कमी आहे माझी.

"ते बटण तिसऱ्यापासून खोटं आहे. आत काही जात नाही. काकांची चूक नाही. रस्सा पाहिजे तर हाक मारा, त्यांचं नाव रघुकाका."

चमचे वाटीत तसेच थांबले. मग टे. ८ कडून, त्याच आजी, कडक आवाज: "रघुकाकाऽ, रस्साऽ!"

मग टे. ३. मग कॉलेजची पोरं, त्यांना तर काय, तालावरच. रघुकाकाऽ रस्साऽ, रघुकाकाऽ रस्साऽ. भिंती हलत होत्या. काकांनी आधी बापूंकडे बघितलं. मग बादली उचलली. टे. ५ ला सगळ्यात आधी वाढलं, वाटी भरून, काठापर्यंत. तो माणूस खाली बघत होता.

बापू मला एवढंच म्हणाले, "उतर. आणि उद्यापासून येऊ नको."

२६ जाने., सोम.

दाजी दोन तास. इज्जत, मैत्री, शाळेचा बाक, सगळं. "ज्या ताटात खाल्लंस..." वाक्य त्यांनीच अर्धं सोडलं. त्यांचं चुकलं असं पण वाटत नाही. शब्द त्यांनी टाकला होता, पडला तोही त्यांचाच.

दाजी झेंडावंदनाला गेल्यावर ताई समोर येऊन उभी राहिली.

"काढलं ना त्यांनी? तू पळाला नाहीस?"

"नाही. काढलं."

"नक्की?"

"स्टुलावरून उतरवून काढलं."

तिला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. मग ताट वाढलं. "बस. जेव."

३० जाने., शुक्र.

रघुकाकांचा फोन. बापूंनी सातपूरवाल्याला परत बोलावलं होतं. काय करून घेतलं? "मला काय ठावं. दोघं दार लावून बसलेले. बोर्ड हाय तसाच हाय." आणि लोक? "येत्यात की. तुझं नाव इचारत्यात. एक जण इचारत होता, तो स्टूलवाला बुटका कुठंय."

बापूंनी खरं बटण परत केलं असेल, का खोटं जास्त सफाईनं बसवलं असेल? बाहेरून दोन्ही सारखीच दिसणार. माझीच सावली.

दाबल्याशिवाय कळणार नाही.

१ फेब्रु., रवि.

टे. ८. रांगेत उभा राहून, सगळ्यांसारखा. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय, डाव्या हातानं, अक्षर माफ.

बापूंनी आत येताना बघितलं. अडवलं नाही. नमस्कार पण नाही. ताई सोबत आलीय, दाजींना न सांगता. तिला तिखट सोसत नाही, नाक पुसत खातेय. "हेच का तुझं ते बटण? चांगलं दबतं की."

पहिला रस्सा, काका आले. दुसरा, आले. वाढताना म्हणाले, "सावकाश दाब हां," आणि भटारखान्याच्या दारात जाऊन पडद्याखाली उभे राहिले. तिथून त्यांना मी दिसतो, मला ते.

तिसरा.

उजव्या हाताचं बोट बटणावर आहे. तर्रीनं माखलेलं, पण घसरू देणार नाही. सावली गेली, अक्षरं खाली आली. बापू गल्ल्यावर उभे, नोटा हातात धरून थांबलेत. शेजारच्या टेबलावरचे पण माझ्याकडे बघायला लागलेत. ताई म्हणतेय, "अरे सोड ना आता."

बाजूला ओढलं तर अजूनही काहीच झालं नाही असं होईल. ओढणार नाहीये.

सोडतोय.